विमानातला डबा

शहापूर-मुरबाडकडचा प्रवासी परदेशी निघाला की विमानतळ गाठण्यातच दोन-तीन तास जातात, म्हणून डबा टिकाऊच हवा. तांदळाची भाकरी इथे घरोघरची, पण गार झाली की कडक होते आणि विमानातल्या कोरड्या हवेत तर पापडच. त्यापेक्षा दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या बऱ्या. सोबत खुरासणीची कोरडी चटणी द्यावी. ती सांडत नाही आणि तिखट-मीठ थोडं चढं ठेवलं तर उत्तमच, कारण उंचावर जिभेला चव कमी लागते.

भातानंतर शिवारात होणारा वाल कितीही आवडता असला, तरी आदल्या दिवशी बिरडं टाळावं. केबिनमधला दाब साधारण 6,000 ते 8,000 फूट उंचीवरच्या हवेइतका असतो, त्यामुळे पोटातला वायू फुगतो. शेजाऱ्यांचा विचार करून सुकटही घरीच राहू द्यावी.

लोणचं, तूप, दही हातातल्या पिशवीत नको. तिथे द्रवांना प्रत्येकी 100 मिलीचीच मुभा. खोबऱ्याच्या वाट्या मोठ्या बॅगेतही घालू नयेत. सुकं खोबरं आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं. उरलेली फळं उतरण्याआधी संपवावीत. ऑस्ट्रेलियात ती जाहीर न केल्यास दंड होतो.