ताटातील डावी बाजू

पक्षाघातातून उठलेल्या काही रुग्णांच्या घरी एक तक्रार ऐकू येते. ताटातील उजवीकडची भाजी-आमटी संपते. डावीकडची चटणी, कोशिंबीर तशीच राहते. दाढी एकाच गालाची होते. ‘हे मुद्दाम करतात’, असे घरच्यांना वाटते. डोळे तपासावेत, तर त्यांत दोष सापडत नाही.

दोष असतो मेंदूत. डोळ्यांनी टिपलेले दृश्य मेंदूच्या मागच्या भागात पोहोचते. तेथून पुढे वस्तू कोणती, तिचा अर्थ काय, याची छाननी आपल्या नकळत, क्षणार्धात होते. त्यातले काय आपल्याला जाणवावे, हे मात्र लक्ष पुरविणाऱ्या यंत्रणेवर अवलंबून असते. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली, की डाव्या बाजूकडचे लक्षच उडू शकते.

जॉन मार्शल व पीटर हॅलिगन या ब्रिटिश संशोधकांनी १९८८ साली अशाच एका महिलेची हकिगत प्रसिद्ध केली. तिला घराची दोन चित्रे दाखविली. एका घराच्या डाव्या बाजूस ज्वाळा होत्या. ‘दोन्ही घरे सारखीच’, असे ती म्हणाली. पण ‘राहायला कोणते घ्याल?’ असे विचारताच तिने बहुतेक वेळा न जळणारे घर निवडले. हा प्रश्नच तिला खुळचट वाटत होता! आगीचा अर्थ मेंदूला कळला होता. तिला स्वतःला मात्र त्याचा पत्ता नव्हता.

म्हणून अशा रुग्णावर रागावू नये. ताट मधूनमधून फिरवावे, डावीकडे पाहण्याची वारंवार आठवण द्यावी. रस्ता ओलांडताना त्याला एकटे सोडू नये. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने व्यायाम सुरू ठेवावेत.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. उजव्या मेंदूला झटका आला, तर डावा हात लुळा पडला तरी ‘मला काही झालेले नाही’, असे रुग्ण मनापासून सांगू शकतो. त्यावर विसंबू नये. तोंड वाकडे होणे, हात खाली पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी एकही लक्षण अचानक दिसले, तर सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब न्यावे. रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. सकाळपर्यंत वाट पाहू नये.