वैमानिकांची फॅमिली डॉक्टर

लढाऊ वैमानिक शत्रूला भीत नसेल, पण डॉक्टरला जरा दबकूनच असतो. साधं पडसं झालं तरी डॉक्टर त्याला चार दिवस जमिनीवर बसवू शकतो, आणि मेडिकल कॅटेगरी खाली आली की उड्डाण बंद. साहजिकच दुखणं सांगण्यापेक्षा लपवण्याकडे त्याचा कल. त्याच्याकडून खरं काढून घ्यायचं तर पेठेतल्या जुन्या फॅमिली डॉक्टरचीच रीत लागते. त्याच्याच वसाहतीत राहायचं, बायकोमुलांच्या तापखोकल्याची औषधं द्यायची, मेसमध्ये आज त्याचं जेवणात लक्ष का नाही हे न विचारता ओळखायचं. हवाई दलाच्या तळावरचा डॉक्टर नेमकं हेच करतो.

एअर मार्शल पद्मा बंदोपाध्याय या कामात मुरल्या, आणि त्यांचं वैद्यकीचं शिक्षण झालं पुण्यात.

जन्म १९४४ चा, तिरुपतीचा, वाढल्या दिल्लीत. आई अंथरुणाला खिळलेली. ज्या वयात मुलं भातुकली खेळतात त्या वयात ही मुलगी आईची शुश्रूषा करत होती. शेजारी राहत होत्या लेडी हार्डिंग कॉलेजातल्या प्राध्यापक डॉ. पद्मावती, म्हणजे पुढे देशभर गाजलेल्या हृदयरोगतज्ज्ञ. घरात रुग्ण आणि शेजारी डॉक्टर, तीही बाई. मुलीने काय व्हायचं हे जवळजवळ ठरूनच गेलं असावं.

पुणेकरांना वानवडीची एएफएमसी (आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज) आठवते ती बारावीच्या निकालानंतर. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या निरनिराळ्या वैद्यकीय तुकड्या एकत्र करून १९४८ मध्ये ही संस्था उभी राहिली, पण एमबीबीएसचे विद्यार्थी आले थेट ऑगस्ट १९६२ मध्ये. त्यानंतर दोनच महिन्यांनी चीनशी युद्ध पेटलं. पद्मा दाखल झाल्या १९६३ मध्ये, म्हणजे दुसऱ्या तुकडीत. त्याच वर्षी पुनीता अरोरा नावाची आणखी एक मुलगी आली. पुढे २००४ मध्ये एक लेफ्टनंट जनरल झाली, दुसरी एअर मार्शल. दोघीही आपापल्या दलात त्या पदावर पोचलेल्या पहिल्या स्त्रिया. एकाच कॉलेजात एकाच वर्षी आलेल्या दोन मुलींची ही गोष्ट मराठीत कुणी नीट सांगितलेली माझ्या तरी वाचनात नाही. अरोरा तर २००४ मध्ये याच कॉलेजच्या कमांडंट होऊन पुण्यात परतल्या.

पद्मा १९६८ मध्ये हवाई दलात गेल्या. डिसेंबर १९७१ च्या युद्धावेळी त्यांचं पोस्टिंग होतं लुधियाना जिल्ह्यातल्या हलवारा तळावर. वय २७. १९६५ च्या युद्धात याच तळाच्या आसपास पाकिस्तानने छत्रीधारी सैनिक उतरवले होते, त्यामुळे इथे युद्ध म्हणजे वर्तमानपत्रातली बातमी नव्हती. त्यांचे पती एस. एन. बंदोपाध्याय हेही हवाई दलातच. १९७१ च्या युद्धातल्या कामगिरीसाठी पद्मा यांना विशिष्ट सेवा पदक मिळालं. एकाच समारंभात राष्ट्रपतींचा सन्मान मिळवणारं हवाई दलातलं पहिलं दांपत्य म्हणूनही या दोघांची नोंद आहे.

हवाई दलाच्या डॉक्टरांचा रोगी बहुतेकदा धडधाकट असतो. बिघडलेली असते ती त्याच्याभोवतीची हवा. सुमारे २५ हजार फुटांवर प्राणवायूचा पुरवठा तुटला, तर माणसाला भानावर राहून काही करायला तीन ते पाच मिनिटं मिळतात. ४० हजारांवर जेमतेम १५-२० सेकंद. हे वैमानिकाला पटावं म्हणून त्याला कमी दाबाच्या बंद खोलीत बसवतात, मास्क काढायला लावतात आणि कागदावर साधी वजाबाकी करायला सांगतात. पहिल्या दोन ओळी ठीक असतात. मग आकडे एकमेकांवर चढतात, अक्षर घसरत जातं, आणि गडी मात्र हसत असतो. आपण झकास आहोत असंच त्याला वाटतं. मास्क परत चढवल्यावर कागद हातात दिला की त्याचा चेहरा उतरतो. वेगाने वळताना वेगळीच तऱ्हा: रक्त पायांकडे ओढलं जातं, नजर करडी होते, मग काळोख. पडसं झालेलं असेल तर विमान खाली उतरताना कानाचा पडदा फाटू शकतो. चार दिवस जमिनीवर बसवण्यामागे हे असतं.

पद्मा बंदोपाध्याय या वैमानिकी वैद्यकशास्त्रातल्या (एव्हिएशन मेडिसिन) देशातल्या पहिल्या महिला तज्ज्ञ. अतिथंडीत शरीर कसं तगतं याचा अभ्यास करायला त्या उत्तर ध्रुवापर्यंत गेल्या. २००२ मध्ये त्या हवाई दलाच्या पहिल्या महिला एअर व्हाइस मार्शल झाल्या, २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. ‘पहिली महिला’ या बिरुदाचा मला कंटाळा आहे, कारण त्यापुढे लोक वाचत नाहीत. तळावरच्या दवाखान्यातली त्यांची रोजची बैठक, नाराज वैमानिकाला दिलेला नकार, हे जास्त मोलाचं.

वानवडी, साळुंके विहार भागात लष्करी सेवेतून निवृत्त झालेले कितीतरी डॉक्टर आज राहतात. कुणी ६५ चं युद्ध पाहिलं, कुणी ७१ चं, कुणी कारगिलचं. तुमच्या सोसायटीत असं कुणी असेल तर या दिवाळीत फराळाचं ताट घेऊन जरूर जा, त्यांना बोलतं करा आणि ते लिहून ठेवा.