खडी गंमतीची पार्टी आणि तिच्यातली माणसे

दिवाळीचा पाडवा झाला, भाऊबीज आली, की आपल्या भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. हलका धान घरी आलेला असतो, भारी धान अजून बांधीत उभा असतो. लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात. आज या गावची मंडई, उद्या शेजारच्या गावची, असे आळीपाळीने चालते. कारण सगळ्यांनी एकाच दिवशी मंडई भरवली, तर पाहुणा यायचा कोठून? अशा मंडईत ढोलकीची थाप ऐकू आली की म्हातारी माणसे म्हणतात, "चला, गंमत उभी राहिली."

'उभी राहिली' हा शब्द नीट लक्षात घ्या. खडी गंमत म्हणजे उभ्या उभ्या केलेली गंमत. तिला पडदा लागत नाही, उंच रंगमंच लागत नाही. गावच्या चौकात मांडव घातला, चारी बाजूंनी माणसे बसली, की मधली मोकळी जागा हीच रंगभूमी. गाणारे उभे, वाजवणारेही उभे. ढोलकी कमरेला बांधलेली असते. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर आणि गडचिरोली या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत ही कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पश्चिम महाराष्ट्राचा तमाशा आणि आपली खडी गंमत ही एकमेकींची नात्यातली. दोघींतही गण, गौळण, लावणी आणि वग आहेत. पण आपलीचा बाज वेगळा, बोली वेगळी.

आता तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखे काय आहे? गंमत तर आम्ही लहानपणापासून पाहतो. खरे आहे. पण पार्टीत कोण कोण होते असे विचारले, तर बहुतेक लोक एकच नाव सांगतात, आणि ते शाहिराचे. बाकीची माणसे 'आणि संच' या दोन शब्दांत मावतात. त्या दोन शब्दांत कोण कोण असते, ते आज पाहू.

पहिला अर्थातच शाहीर. तो पार्टीचा कारभारी. गाणी तो रचतो, नाहीतर आपल्या गुरूकडून आलेली गातो. वगाची गोष्टही त्याच्याच डोक्यात असते. त्याची गाण्यांची वही असते आणि ती तो जिवापाड जपतो. गणाने सुरुवात करून वगाने शेवट करेपर्यंत कोठे किती थांबायचे, लोक कंटाळले तर कोठून सुटका करून घ्यायची, हे सारे तोच ठरवतो.

दुसरा ढोलकीवाला. ढोलकीच्या एका पुडीला शाई असते, ती टणक बोलते. दुसरी पुडी घुमते. या दोन आवाजांवर सगळी गंमत चालते. नाच्याचे पाऊल कोठे पडणार, हे ढोलकीवाल्याला आधी कळावे लागते. शाहिराने लय वाढवली तर त्याने मागे राहून चालत नाही, आणि पुढे धावूनही चालत नाही.

डफ वाजवणाऱ्याची अडचण निराळीच. मंडईचे दिवस म्हणजे कार्तिकातली थंडी. रात्री दव पडते आणि डफाचे कातडे सैल पडते. मग तो शेकोटीजवळ जाऊन डफ तापवून आणतो. प्रेक्षकांना वाटते, हा मध्येच विडी ओढायला गेला!

तुणतुणेवाल्याला तर कोणी मोजतच नाही. लाकडी पोकळ नळकांडे, खाली कातडे, आणि एकच तार. हात सतत हलत राहतो आणि आवाज एकच निघतो. पण त्या एका आवाजावरच गाणाऱ्याचा सूर टेकलेला असतो. तुणतुणे थांबले की चांगल्या गळ्याचा शाहीरही चाचपडू लागतो. टाळ आणि मंजिरी धरणारेही याच रांगेत उभे असतात.

मग येतो झिलकरी. शाहिराने ओळ म्हटली की तिचा शेवट उचलून तो उंच सुरात लांबवतो. ऐकणाऱ्याला वाटते, हा नुसती री ओढतो. पण नीट पहा. झिलकरी सूर धरून उभा असतो तेवढ्यात शाहीर दम घेतो आणि पुढची ओळ जुळवतो. दुय्यम गंमतीत तर याचे मोल फार. दुय्यम म्हणजे दोन पार्ट्या समोरासमोर. एक कलगीवाली, म्हणजे शक्तीला मोठी मानणारी. दुसरी तुरेवाली, म्हणजे शिवाला मोठा मानणारी. एकीने पुराणातला सवाल टाकायचा, दुसरीने गाण्यातच जवाब द्यायचा. जवाब तेथल्या तेथे सुचायला हवा. झिलकऱ्याने सूर जरा जास्त ताणला, तर शाहिराला तेवढीच सवड मिळते. ती सवड दिली कोणी, हे मात्र गावाला कळत नाही.

नाच्या म्हणजे बाईचे सोंग घेऊन नाचणारा पुरुष. अंगात लुगडे, पायांत घुंगरू. गौळणीत तो राधा किंवा गवळण होतो, लावणीत नायिका होतो, वगात राणी होतो. काम अवघड, आणि टिंगल ठरलेली. रात्री ज्याच्यावर लोक रुपये ओवाळतात, त्यालाच सकाळी गावातली पोरे चिडवतात. हे सोसून जो कला राखतो, त्याला काय म्हणावे ते तुम्हीच ठरवा.

आणि सोंगाड्या! तो हसवतो, एवढेच आपण जाणतो. पण गावात जे उघड बोलता येत नाही, ते सोंगाड्याच्या तोंडून बोलले जाते. सावकाराचे व्याज, पुढाऱ्याचा खोटा शब्द, दारूने उठलेले घर, हुंड्यापायी अडलेली मुलगी, ही सगळी दुःखे तो हसत हसत चव्हाट्यावर मांडतो. त्याचे बोलणे वहीत नसते. समोर बसलेली माणसे पाहून ते त्याला सुचते.

अशी ही आठ-दहा माणसे. आता त्यांचे वर्ष कसे जाते ते पहा. पावसाळ्यात यांतला प्रत्येक जण बांधीत असतो. आषाढ-श्रावणात रोवणी. तेव्हा ढोलकी आढ्याला टांगलेली. दिवाळीनंतर मंडई, पुढे थंडीत ठिकठिकाणचे शंकरपट, असा त्यांचा हंगाम. आज एका गावी, उद्या दुसऱ्या. पूर्वी बैलबंडीने किंवा पायी जात, आता भाड्याच्या गाडीने जातात. तिकीट नाही. गाव वर्गणी काढते आणि बिदागी ठरवते. प्रेक्षकांतून बक्षीस आले की शाहीर देणाऱ्याचे नाव घेऊन ते जाहीर करतो. गाडीभाडे वजा जाऊन उरेल त्याचे वाटे पडतात. नुसत्या वाट्यावर कोणाचे घर चालत नाही. म्हणून शेवटची गंमत झाली की सगळे पुन्हा कामाला लागतात, कोणी शेतावर, कोणी मजुरीला, कोणी परगावी.

झाडीपट्टीत रात्रीचे नाटकही जोरात आहे, हे तुम्ही जाणताच. गडचिरोली जिल्ह्यातले देसाईगंज, म्हणजे वडसा, हे त्या नाटकांचे मोठे केंद्र. तेथल्या मंडळ्यांकडे दिवे आहेत, ध्वनिक्षेपक आहेत, नट-नट्या आहेत. याच रंगभूमीवरचे गडचिरोली जिल्ह्यातले नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळ्या झाडीपट्टीची मान उंच झाली. नाटक वाढले याचे वाईट कोणी वाटून घेऊ नये. पण नाटकाच्या जाहिरातीत नटांची नावे छापतात. खडी गंमतीच्या पत्रकावर मात्र शाहिराचे नाव मोठ्या अक्षरांत असते, आणि खाली 'आणि संच'.

एवढ्याने काय बिघडते? बरेच बिघडते. राज्य शासनाची वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना दरमहा मानधन देण्याची योजना आहे. तिला आता राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिलेले आहे. अर्जाची छाननी होते, निवड जिल्हा पातळीवरच्या समितीकडून होते, आणि आपण इतकी वर्षे कला केली याचे पुरावे जोडावे लागतात. शाहिराजवळ पत्रके असतात, सन्मानपत्रे असतात, वर्तमानपत्रांची कात्रणे असतात. तीस वर्षे तुणतुणे धरून उभ्या राहिलेल्या माणसाजवळ काय असते? त्याचे नाव कोणत्याच कागदावर नाही. तो होता, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण गावाची आठवण अर्जाला टाचणीने लावता येत नाही.

दुसरे नुकसान कलेचे. शाहिराची वही असली तरी तिच्यात शब्दच असतात. चाल, ढोलकीचा बोल, झिलेचा सूर, सोंगाड्याची हजरजबाबी ही सगळी माणसांत असतात. माणूस गेला की तीही जातात.

याबाबत इंग्लंडातली एक खरी हकीकत सांगण्यासारखी आहे. तिकडच्या खेड्यांतही आपल्यासारखेच गावनाच होते. त्यांतल्या एकाला मॉरिस म्हणतात. पांढरे कपडे, अंगावर रंगीत फिती, आणि पायांना, विश्वास ठेवा, घुंगरे! 1899 सालच्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन गावात अशी एक टोळी दारोदार नाचत होती. खरे तर तो नाच उन्हाळ्याच्या तोंडी येणाऱ्या सणाचा. पण कडक थंडीने त्यांची कामे बंद पडली होती, म्हणून चार पैसे मिळवायला ती माणसे अवेळी बाहेर पडली होती. सेसिल शार्प नावाचे एक संगीतशिक्षक तेथे पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी तो नाच पाहिला आणि टोळीतल्या वादकाला दुसऱ्या दिवशी बोलावून घेतले. त्याचे नाव विल्यम किंबर. धंदा गवंड्याचा, वाद्य कॉन्सर्टिना, म्हणजे हातात धरून दाबायची लहानशी पेटी. शार्प यांनी त्याच्याकडून चाली ऐकून स्वरलिपीत उतरवून घेतल्या. पुढे शार्प व्याख्याने देत तेव्हा किंबर स्वतः नाचून दाखवी. 1911 साली या लोकनृत्यांसाठी एक संस्था निघाली, आणि मावळत चाललेला तो नाच पुन्हा गावोगावी सुरू झाला. किंबर 1961 साली वारला, पण त्याचे नाव आजही तिकडे आदराने घेतात.

यात लक्षात ठेवण्याची गोष्ट कोणती? शार्प यांनी चाल लिहिली हे तर खरेच. पण ती कोणाकडून मिळाली, हेही नोंदले गेले. एका गवंड्याचे नाव कागदावर आले, म्हणून तो 'आणि संच' झाला नाही.

असे काम आपल्याकडेही झाले आहे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीपट्टीच्या दंडारीचा आणि झाडीबोलीचा अभ्यास करून पुस्तके लिहिली. पण गावोगावच्या पार्ट्यांची नोंद एका माणसाच्या हातून होणारी नाही. तेथे तुमची गरज आहे.

मंडईच्या समितीतल्या मंडळींनी एवढेच करावे. पत्रक छापताना शाहिराच्या नावाखाली ढोलकी, डफ, तुणतुणे, टाळ, झील, नाच्या आणि सोंगाड्या, सगळ्यांची नावे गावासकट छापावीत. छपाईचा खर्च दोन ओळींनी वाढत नाही. बिदागीची पावती करताना तीच नावे आणि तारीख लिहून ग्रामपंचायतीच्या दप्तरात एक प्रत ठेवावी. उद्या कोणी वृद्ध कलावंत अर्ज घेऊन आला, तर तो कागद त्याच्या कामी येईल.

शिक्षकांना आणखी एक विनंती. आपल्या गावात जुना झिलकरी किंवा ढोलकीवाला असेल, तर मुलांना घेऊन त्याच्या घरी जा. त्याला विचारून, त्याच्या परवानगीने, त्याचे गाणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा आणि वहीत उतरवा. गुरू कोण, पहिली गंमत कोणत्या गावी, कोणाबरोबर, हेही लिहा. आणि लिहिताना त्याची झाडीबोली 'शुद्ध' करायला जाऊ नका. तो जसे म्हणतो तसेच लिहा. शाळेच्या संमेलनात त्याला बोलवा, पण नुसता हार घालून परत पाठवू नका; मुलांच्या हाती तुणतुणे द्या आणि त्याच्या शेजारी उभे करा. एक तार किती वेळ एका सुरात ठेवावी लागते, हे मुलांना हात दुखले म्हणजे कळेल.

येत्या मंडईत गंमत पाहायला जाल, तेव्हा शाहिराच्या मागच्या रांगेकडेही एकदा नजर टाका. गंमत संपल्यावर त्या माणसांजवळ जा आणि प्रत्येकाला विचारा, "दादा, तुमचं नाव काय? गाव कोणतं?" आणि घरी गेल्यावर ते लिहून ठेवा.