पाणी सोडणाऱ्यांची परीक्षा

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात गावाची नळयोजना चालवायला परवाना लागतो. आधी शिकाऊ म्हणून नाव नोंदवायचं, ठरलेला अभ्यासक्रम पुरा करायचा, लेखी परीक्षा द्यायची आणि अनुभवाचा काळ भरायचा. परवान्याच्या चार श्रेणी आहेत. यंत्रणा जितकी गुंतागुंतीची तितकी श्रेणी वरची, आणि यंत्रणेची एकूण जबाबदारी ज्याच्याकडे असते त्याचा परवाना तिच्या तोडीचा असावाच लागतो. दर 3 वर्षांनी नूतनीकरण होतं, तेही प्रशिक्षणाचे तास भरल्याशिवाय नाही. नळाच्या पाण्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असं कुणाला वाटेल. पण या व्यवस्थेचं आजचं रूप 7 मृत्यूंनंतर घडलं आहे. आणि त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की ज्यांच्या देखरेखीत ते मृत्यू झाले, त्यांच्याकडेही परवाने होते.

मे 2000. वॉकर्टन हे ऑन्टारिओतलं सुमारे 4,800 वस्तीचं गाव. पाच दिवसांत 134 मिलिमीटर पाऊस झाला आणि जवळच्या शेतातलं गुरांचं शेण झिरपून 5 क्रमांकाच्या उथळ विहिरीत गेलं. त्याबरोबर ई. कोलाय ओ157:एच7 हा जिवाणू नळात आला. तो लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी करू शकतो. 2,300हून अधिक लोक आजारी पडले आणि ते 7 मृत्यू झाले. विहिरीवर क्लोरीन सोडायची सोय होती. घाण पाण्यात शिरली की क्लोरीन तिच्याशी झुंजण्यातच खर्च होतं, म्हणून 15 मिनिटांनंतर पाण्यात किती क्लोरीन शिल्लक राहिलं हे रोज मोजायचं असतं. ते शून्यावर आलं की धोका कळतो. इथे ते मोजलंच जात नव्हतं. नोंदवहीत 0.5 किंवा 0.75 असे आकडे न मोजता लिहिले जात, क्लोरीनही गरजेपेक्षा कमी सोडलं जाई, आणि ही सवय कित्येक वर्षांची होती. 17 मे रोजी प्रयोगशाळेचा प्रतिकूल अहवाल आला, तो दडवला गेला. पाणी उकळून पिण्याचा इशारा आरोग्य अधिकाऱ्यांनी 21 मे रोजी स्वतःहून दिला.

गावाच्या पाणीपुरवठ्याचे व्यवस्थापक स्टॅन कोबेल आणि त्यांचे फोरमन बंधू फ्रँक हे जुने, मुरलेले कर्मचारी. त्यांना परवाने मिळाले होते ते अनुभवाच्या आधारावर, परीक्षेविना. लबाडी त्यांनी केली हे खरंच, पण या साथीची चौकशी करणारे न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या अहवालात त्यामागचं कारणही आहे: विहिरीचं पाणी मुळातच स्वच्छ आहे अशी त्यांची खात्री होती. ते स्वतः तेच पाणी क्लोरीनशिवाय पीत, आणि क्लोरीनच्या वासाची तक्रार करणारे गावकरी त्यांना भेटत. अनुभवावर विसंबण्यातला धोका मला इथे दिसतो. सुताराची चूक सांध्यात लगेच दिसते. पाणीपुरवठ्यातली चूक वर्षानुवर्षं दिसत नाही. न मोजता आकडा लिहिला तरी दुसऱ्या दिवशी गाव ठणठणीत असतं, तिसऱ्या दिवशीही असतं. त्यामुळे पंचवीस वर्षांचा अनुभव माणसाला नेमकं उलटं शिकवू शकतो की मोजण्याची गरजच नाही. अशा कामात जे दिसत नाही ते पुस्तकातून आणि प्रयोगशाळेतूनच शिकावं लागतं, आणि ते समजलं आहे का हे दुसऱ्या कुणी तरी तपासावं लागतं. ओकॉनर यांनी म्हणूनच अनुभवावर परवाना मिळालेल्यांनीही दोन वर्षांत परीक्षा द्यावी, अशी शिफारस केली, आणि अभ्यासक्रमात लोकांच्या आरोग्यावर होणाऱ्या परिणामांवर भर द्यायला सांगितलं.

यावर सबळ आक्षेप असा की दोष माणसांपेक्षा यंत्रांचा आणि सरकारचा होता. अहवालच सांगतो की त्या विहिरीवर क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी उपकरणं असती तर साथ टळली असती; सरकारी तपासणी आणि खर्चातली कपातही त्यात दोषी ठरली. हे मी मान्य करतो, आणि ऑन्टारिओनेही ते मान्य करून 2002 साली पेयजल सुरक्षेचा कायदा केला. पण उपकरणाची घंटा वाजल्यावर काय करायचं हे माणसालाच ठरवावं लागतं. घंटा का वाजली हे न समजणारा माणूस ती बंद करून मोकळा होईल. 2004 साली वॉकर्टनमध्येच स्थापन झालेल्या प्रशिक्षण केंद्रात चालती प्रात्यक्षिक यंत्रणा ठेवली आहे, तिथे ऑपरेटर ही यंत्रं हाताळून शिकतात.

दुसरा आक्षेप लहान गावांचा: एकच माणूस पाणी सोडतो, पट्टी वसूल करतो, गळती काढतो, त्याला परीक्षा कशी झेपणार? महाराष्ट्रात हा प्रश्न खेड्याखेड्यातला आहे. आपल्याकडे गावच्या पाण्यावर देखरेख ठेवणारे जलसुरक्षक आहेत, पाण्यातलं क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट आहे, पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड दिलं जातं. प्रशिक्षणंही होतात. पण परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय टाकीला हात लावता येणार नाही, अशी अट नाही. पाणी शुद्ध करायला वापरतात त्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीचं उदाहरण घ्या. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, की तिच्यातलं क्लोरीन उडून जातं. महिन्यापूर्वी पुरलेलं माप आज पुरत नाही, आणि पावडर मात्र तितकीच पांढरी दिसते. एवढी एक बाब ज्याला कळली, तो टेस्ट कधी टाळणार नाही. त्यासाठी इंग्रजी पुस्तकं किंवा पदवी लागत नाही. तोंडी घेतलेली, मराठीतली, टाकीशेजारी हाताने करून दाखवायची परीक्षा पुरे. ऑन्टारिओतही लहान यंत्रणांना मोठ्या शहराचे निकष लावत नाहीत. आधी परीक्षा घ्यावी, मग त्या माणसाच्या पगारात त्या जबाबदारीची वाढ करावी, आणि हा खर्च ग्रामपंचायतीवर न ढकलता योजनेच्या अंदाजपत्रकातच पाइप आणि पंपाच्या शेजारी मांडावा.