तैवानच्या सामुद्रधुनीत बांध कोरण्याचे राजकारण

चीनची मुख्य भूमी आणि तैवान यांच्यामध्ये सुमारे १८० किलोमीटर रुंदीची सामुद्रधुनी आहे. सर्वांत अरुंद ठिकाणी हे अंतर १३० किलोमीटरच्या आसपास भरते. या पाण्याच्या मधोमध एक रेषा आहे. तिचा उल्लेख दोघांमधल्या कोणत्याही करारात नाही, तिच्यावर कोणाच्या सह्या नाहीत आणि समुद्रात तिची खूणही नाही. तरीही साठ वर्षांहून अधिक काळ दोन्हीकडच्या लढाऊ विमानांनी व युद्धनौकांनी ती बहुतांशी पाळली. ऑगस्ट २०२२ नंतर मात्र चिनी लष्कराची विमाने ही रेषा सर्रास ओलांडू लागली. तैवानभोवती आज इतकी विमाने, इतकी जहाजे, असा आकडा बातमीत येतो आणि वाचक पुढच्या बातमीकडे वळतो. त्या आकड्यांचा अर्थ लावायचा, तर या अदृश्य रेषेपासूनच सुरुवात करावी लागते.

तैवान १८९५ ते १९४५ अशी पन्नास वर्षे जपानच्या ताब्यात होता. दुसऱ्या महायुद्धानंतर तो चँग कै-शेक यांच्या राष्ट्रवादी सरकारकडे आला. १९४९ मध्ये यादवी युद्धात माओंच्या कम्युनिस्टांनी बाजी मारली आणि चँग यांनी आपले सरकार, सैन्य व लाखो निर्वासितांसह तैवान गाठले. बीजिंगच्या कम्युनिस्ट सरकारने तैवानवर एक दिवसही राज्य केलेले नाही. तरीही तैवान हा चीनचाच प्रांत असून त्याचे एकीकरण अटळ आहे, ही त्याची भूमिका तेव्हापासून आजतागायत कायम आहे.

१९५० मध्ये कोरियन युद्ध पेटले आणि अमेरिकेने आपले सातवे आरमार या सामुद्रधुनीत धाडले. १९५४ मध्ये अमेरिका व तैवान यांच्यात संरक्षण करार झाला. त्यानंतर अमेरिकी हवाई दलाचे तैवानमधील अधिकारी जनरल बेंजामिन डेव्हिस यांनी दोन्ही बाजूंची विमाने परस्परांना भिडू नयेत म्हणून नकाशावर एक रेषा आखली. तीच ही मध्यरेषा. काही जण तिला आजही 'डेव्हिस रेषा' म्हणतात. चँग यांना पुन्हा मुख्य भूमी जिंकायची होती, त्यामुळे त्यांनाही या रेषेने वेसण घातली होती, हे सहसा विसरले जाते. चीनने तिला कधीच औपचारिक मान्यता दिली नाही. पण त्या काळी त्याचे हवाई दल व नौदल इतके दुबळे होते, की रेषा ओलांडण्यात त्याचा काही लाभ नव्हता. रेषा टिकली ती मुख्यतः या असमतोलामुळे.

रेषेच्या पलीकडे, चीनच्या किनाऱ्याला अगदी लागून असलेल्या किनमेन बेटाच्या वाट्याला मात्र हे स्थैर्य आले नाही. हे बेट तैवानच्या ताब्यात आहे आणि समोर काही किलोमीटरवर चीनचे शियामेन शहर दिसते. २३ ऑगस्ट १९५८ रोजी चिनी तोफांनी किनमेनवर मारा सुरू केला. ४४ दिवसांत सुमारे पावणेपाच लाख तोफगोळे या छोट्याशा बेटावर कोसळले. पुढे या युद्धाला विचित्र वळण मिळाले. चीन एक दिवसाआड तोफा डागू लागला आणि नंतरच्या काळात बहुतेक गोळ्यांतून दारूगोळ्याऐवजी प्रचारपत्रके येऊ लागली. हा प्रकार १९७८ अखेरपर्यंत चालला. १ जानेवारी १९७९ रोजी अमेरिकेने बीजिंगशी राजनैतिक संबंध प्रस्थापित केले आणि तोफा थांबल्या. बेटावरच्या जमिनीतून निघालेल्या पोलादाचे स्वयंपाकघरातले सुरे बनवण्याचा धंदा किनमेनमध्ये अद्याप चालतो आणि पर्यटक ते आवर्जून विकत घेतात.

बीजिंगशी हातमिळवणी करताना अमेरिकेने तैवानशी असलेला संरक्षण करार गुंडाळला. मात्र अमेरिकी काँग्रेसने १९७९ मध्येच 'तैवान संबंध कायदा' संमत करून तैवानला बचावापुरती शस्त्रे देण्याची तरतूद केली. चीनने हल्ला केल्यास अमेरिका प्रत्यक्ष लढायला उतरेल का, याचे उत्तर त्या कायद्यात जाणूनबुजून दिलेले नाही. ही संदिग्धता दोघांनाही आवरून धरते, असा वॉशिंग्टनचा हिशेब होता. तोवर तैवानही बदलत होता. १९८७ मध्ये तिथला लष्करी कायदा उठला आणि मार्च १९९६ मध्ये अध्यक्षपदाची पहिली थेट निवडणूक झाली. त्या निवडणुकीच्या तोंडावर चीनने तैवानच्या बंदरांनजीक क्षेपणास्त्रे डागली, तेव्हा अमेरिकेने दोन विमानवाहू नौकांचे ताफे त्या भागात पाठवले. चीनला माघार घ्यावी लागली. त्यानंतर चिनी नौदलाची जी झपाट्याने वाढ झाली, तिच्यामागे या अपमानाची बोच होती असे अनेक अभ्यासक मानतात.

ताकद वाढली आणि जुनी रेषा चीनला जाचू लागली. ३१ मार्च २०१९ रोजी चीनच्या दोन जे-११ विमानांनी ती ओलांडली. सुमारे वीस वर्षांत असे जाणीवपूर्वक उल्लंघन झाले नव्हते. सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे एक वरिष्ठ अधिकारी तैपेईत असताना ती पुन्हा ओलांडली गेली. पाठोपाठ चिनी परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्याने, तैवान हा चीनचाच भाग असल्याने अशी कोणतीही मध्यरेषा अस्तित्वातच नाही, असे जाहीर केले. २ ऑगस्ट २०२२ रोजी अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या तत्कालीन सभापती नॅन्सी पेलोसी तैपेईत उतरल्या आणि उरलेसुरले बंधनही गळून पडले. तैवानभोवती चीनने मोठा सराव केला. त्यात डागलेली पाच क्षेपणास्त्रे जपानच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात पडली, असे जपानने सांगितले. सराव संपला, पण विमाने रेषेच्या पलीकडे परतली ती केवळ दुसऱ्या दिवशी पुन्हा येण्यासाठी.

आपल्याकडे खेड्यापाड्यांत याला बांध कोरणे म्हणतात. शेजारी दर हंगामाला एक तास आत नांगरतो. एका तासासाठी कोर्टात कोण जाणार, असे म्हणत दहा वर्षे जातात आणि मग बांध होता कुठे, हेच सिद्ध करता येत नाही. मे २०२४ मध्ये लाय चिंग-ते तैवानच्या अध्यक्षपदी आल्यावर तीनच दिवसांत चीनने तैवानला वेढणारा सराव केला. १४ ऑक्टोबर २०२४ च्या सरावात तैवानने १५३ चिनी विमाने मोजली आणि त्यांतील १११ विमानांनी मध्यरेषा ओलांडली होती. एप्रिल २०२५ मध्ये तसाच सराव पुन्हा झाला. नागरी हवाई वाहतुकीतही हीच रीत दिसते. मध्यरेषेपासून एका ठिकाणी आठ किलोमीटरहूनही कमी अंतरावरून जाणारा 'एम-५०३' हा चीनचा प्रवासी विमानमार्ग तैवानच्या आक्षेपामुळे थोडा पश्चिमेकडे सरकवलेला होता. जानेवारी २०२४ मध्ये चीनने एकतर्फी घोषणा करून ती सवलत काढून घेतली. पुढच्याच महिन्यात किनमेनजवळ तैवानच्या तटरक्षक दलाने पाठलाग केलेली एक चिनी नौका उलटून दोघे बुडाले. या पाण्यात प्रवेशबंदीची कोणतीही हद्द आपण मानत नाही, असे बीजिंगने सांगितले आणि किनमेनभोवती चिनी तटरक्षक नौकांची गस्त सुरू झाली.

रेषा गेल्याने नेमके काय गेले, हे साध्या गणिताने कळते. सामुद्रधुनीच्या सर्वांत अरुंद भागात मध्यरेषेपासून तैवानचा किनारा सुमारे ६५ किलोमीटरवर आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाने येणारे विमान हे अंतर साडेचार मिनिटांत कापते. पूर्वी विमान रेषेकडे वळले, की तैवानला इशारा मिळे आणि विचाराला थोडा अवधी राहत असे. आता रेषेच्या अलीकडे विमान दिसणे हीच नित्याची गोष्ट झाल्याने सराव कोणता आणि हल्ल्याची सुरुवात कोणती, हे त्या चार-साडेचार मिनिटांत ओळखायचे आहे. प्रत्येक वेळी लढाऊ विमाने उडवणे तैवानला परवडणारे नाही. इंधन खर्च होते, वैमानिक दमतात, जुनी यंत्रे झिजतात. म्हणून आता अनेकदा जमिनीवरच्या क्षेपणास्त्रांची रडारे रोखूनच नजर ठेवली जाते. सक्तीची लष्करी सेवा चार महिन्यांवरून पुन्हा एक वर्षाची करण्याचा निर्णय जानेवारी २०२४ पासून लागू झाला, तोही याच चिंतेतून.

जगातील सर्वांत प्रगत संगणक चिपांपैकी बहुतांश तैवानमध्ये बनतात, त्यामुळे या सामुद्रधुनीतली ठिणगी भारतीय कारखान्यांनाही पोळू शकते. भारताचे तैवानशी औपचारिक राजनैतिक संबंध नाहीत, मात्र १९९५ पासून 'इंडिया-तैपेई असोसिएशन' हे कार्यालय तैपेईत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तैवानने मुंबईत आपले प्रतिनिधी कार्यालय सुरू केले, तेव्हा चीनने दिल्लीकडे नाराजी नोंदवली होती.

तैवानचे संरक्षण मंत्रालय सप्टेंबर २०२० पासून चिनी विमानांच्या हालचालींची माहिती दररोज प्रसिद्ध करते. सोबत नकाशाही असतो. त्यावर मध्यरेषा अजूनही आखलेली असते.