राखणीच्या कुत्र्याचे आनुवंशिक अंधत्व

चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावाच्या शिवारात सुगी आटोपली, की वावरात मेंढ्या बसविण्याचे दिवस येतात. शेताला खत मिळते, मेंढपाळाला चार पैसे मिळतात. पण रात्रभर कळपाची राखण करतो तो कुत्रा. लांडग्याची चाहूल माणसाच्या आधी त्याला लागते. असा कुत्रा ऐन उमेदीत रात्री अडखळू लागला, तर तो आळसावला, भ्याला किंवा त्याला कोणाची नजर लागली, असे समजण्यात येते. वस्तुतः तो दृष्टीचा विकार असू शकतो, आणि तो त्याला आईबापांकडून मिळालेला असण्याचाही संभव असतो.

अशा विकारांपैकी प्रमुख विकार म्हणजे दृष्टिपटलाचा क्रमिक ऱ्हास. डोळ्याच्या मागील पडद्यात अंधुक प्रकाशात पाहणाऱ्या आणि उजेडात पाहणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी असतात. बहुधा पहिल्या आधी मरतात, म्हणून प्रथम रातांधळेपणा येतो. पुढे दिवसाचीही दृष्टी जाते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, त्यातून पाणी येत नाही. बाहुली मात्र विस्फारलेली राहते व कंदिलाच्या उजेडात डोळा पूर्वीपेक्षा अधिक चमकतो. ओळखीच्या अंगणात कुत्रा नाकाच्या आधारे बिनचूक वावरतो. म्हणून परीक्षा करावयाची ती तिन्हीसांजेला, अनोळखी जागी, वाटेत टोपले किंवा ओंडका ठेवून करावी. कालांतराने डोळ्यात पांढुरकेपणा येतो, तेव्हा लोक त्यास साधा मोतीबिंदू समजतात. पडदाच निकामी झाला असेल, तर मोतीबिंदू काढूनही दृष्टी येत नाही.

आईबाप दोघेही डोळस असताना पिल्लू आंधळे कसे निघते, हा प्रश्न स्वाभाविक आहे. संकरित वाणाचे बी राखून पेरले असता पहिल्या पिढीत न दिसलेले गुण पुढील पिकात प्रकट होतात, हे शेतकऱ्यास ठाऊक आहे. येथेही तसेच घडते. या विकाराच्या बहुतेक प्रकारांत दोष दोन्हीकडून आला, तरच विकार होतो. दोन वाहकांच्या संततीत सरासरीने चौथा हिस्सा पिल्ले रोगी, अर्धी वाहक व चौथा हिस्सा निर्दोष असतात. एकाच वेतात हा हिशेब तंतोतंत जुळेलच असे नाही.

गावठी कुत्र्यांत रक्त मिसळत राहते, म्हणून असे दोष सहसा दबून राहतात. परंतु एखादा उत्तम राखण्या कुत्रा हाती लागला, की त्याचाच वंश टिकावा म्हणून बापलेकीचा किंवा बहीणभावंडांचा संयोग घडविला जातो. हौस समजण्याजोगी आहे, पण दबलेला दोष वर येण्याची वाट तीच. लॅब्राडॉर, पूडल व कॉकर स्पॅनियल या जातींत आढळणाऱ्या एका प्रकाराचा वाहक रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यावरून ओळखता येतो. विकत पिल्लू घेताना अशा तपासणीचा दाखला मागावा.

पापणी आत वळून केस बुबुळावर घासणे, हा दोषही वंशपरंपरेने येऊ शकतो; तो कोकरांतही आढळतो. ज्या मेंढ्याची कोकरे वारंवार अशी निपजतात, तो पैदाशीस ठेवू नये. शस्त्रक्रियेने पापणी सुधारते, बीज सुधारत नाही.

प्रत्येक अंधत्व आनुवंशिक नसते. गोचिडांपासून होणारा ताप, डिस्टेंपर, इजा यांनीही दृष्टी जाते, आणि त्यांपैकी काहींवर वेळीच उपचार होऊ शकतात. म्हणून झाडाचा चीक किंवा तंबाखूचे पाणी डोळ्यांत न घालता कुत्रा पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावा.

ब्रियार्ड ही फ्रान्समधील मेंढपाळांची जात. तिच्या वंशातील, एका जनुकाच्या दोषामुळे जन्मतः अंध असलेल्या तीन कुत्र्यांच्या डोळ्यांत निर्दोष जनुक घालून अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी त्यांना दृष्टी आणली. हे २००१ साली प्रसिद्ध झाले. त्याच जनुकाच्या दोषाने अंध होणाऱ्या माणसांसाठीच्या उपचारास तेथे २०१७ मध्ये मान्यता मिळाली. क्रमिक ऱ्हास झालेल्या गावच्या कुत्र्यास मात्र त्याचा उपयोग नाही.

तरीही असा कुत्रा मारून टाकण्याचे कारण नाही. त्याचे कान व नाक शाबूत असतात. त्याची नसबंदी करून घ्यावी, पाण्याचे भांडे व बसण्याची जागा बदलू नये, विहिरीपासून त्यास दूर ठेवावे. रात्रीच्या राखणीस दुसरा डोळस कुत्रा ठेवावा. तो शक्यतो त्याच वेतातील भाऊ नसावा, कारण त्याचीही दृष्टी पुढे जाण्याचा संभव असतो.