आठव्या फ्रेटवरचे तीन स्वर

२०१२च्या जूनमध्ये मी गिटार घेतली आणि त्याच आठवड्यात क्लासमध्ये एक झेरॉक्स कागद हातात पडला. त्यावर गिटारच्या मानेची पाच चित्रं आणि प्रत्येकात काळे ठिपके. मायनर पेंटॅटोनिकचे पाच बॉक्स. मी सुरुवात केली ती बी मायनरच्या पहिल्या बॉक्सपासून: तर्जनी सातव्या फ्रेटवर, मधल्या तीन तारांवर अनामिका नवव्यावर, बाकीच्या तारांवर करंगळी दहाव्यावर. हे बोटांत बसलं की ब्लूजचा सोलो आलाच म्हणून समजा, असं आम्हाला सांगितलं गेलं.

तो कागद मी जपून ठेवलाय. घडीवर फाटलाय, मागून चिकटपट्टी लावलीये. हल्ली तो काढला की नजर ठिपक्यांवर जात नाही, त्यांच्यामधल्या रिकाम्या घरांवर जाते. आठव्या फ्रेटवर एकही ठिपका नाही. या बारा वर्षांत मायनर ब्लूजबद्दल मला जे काही उमगलं, ते बहुतेक सगळं त्या रिकाम्या ओळीत होतं.

ओढ लागली ती आदल्या वर्षी. २०११ साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी बडी गाय आले. मी पुण्याहून ऐकायला गेले होते. परतीच्या गाडीत ठरवलं, हे शिकायचं. वय तेव्हा चौतीस.

पहिली तीन वर्षं भराभर गेली. खरं सांगायचं तर त्या काळात मी फारशी अडखळलेच नाही, कारण बॉक्समधले पाच स्वर माझ्या कानाला जन्मापासून ठाऊक होते. सा, कोमल ग, म, प, कोमल नी. हा धानी झाला. भीमपलासाचा आरोहही याच पाच स्वरांचा. आई संवादिनी वाजवते, घरात नाट्यगीतं आणि ठुमऱ्या सतत चालू. त्यामुळे तार ताणून गंधार किंचित वर न्यायचा, पंचमावर थांबायचं, षड्जाला येऊन मिळायचं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. नेहमीच्या, म्हणजे मेजर ब्लूजवर ते चांगलंही वाटायचं. तिथे खालच्या कॉर्डमध्ये गंधार शुद्ध असतो आणि वरून गिटार कोमल गंधार लावते. त्या घर्षणातच ब्लूजची चव आहे. पाच स्वर पुरतात, कारण भांडण आधीच लागलेलं असतं.

मायनर ब्लूजमध्ये मात्र कॉर्डचाच गंधार कोमल. तुमचा स्वर खालच्या स्वराशी एकजीव होतो आणि घर्षण संपतं. मग तेच पाच स्वर, त्याच हरकती, आणि तरीही सगळं सपक. माझं वाजवणं बेसूर नव्हतं, पण ते कुठे जात नव्हतं. हे कळायला मला दोन वर्षं लागली, आणि मार्ग दिसला तो एका जुन्या गाण्यात.

‘द थ्रिल इज गॉन’ मुळात रॉय हॉकिन्सचं, १९५१चं. बी. बी. किंगनी ते १९६९मध्ये बी मायनरमध्ये ध्वनिमुद्रित केलं, निर्माते बिल सिमझिक यांनी त्याला व्हायोलिनांची साथ जोडली, आणि पुढच्या वर्षी ते अमेरिकाभर वाजलं. किंग गाताना गिटार वाजवत नसत. ओळ गायची, मग गिटारने उत्तर द्यायचं. मला त्या गाण्यात सगळ्यात मोलाची वाटते ती त्याची बारा बारची चौकट. पहिले चार बार बी मायनर, दोन बार ई मायनर, पुन्हा दोन बार बी मायनर. इथवर साधा रस्ता. नवव्या बारला जी मेजर सेव्हन्थ, दहाव्याला एफ शार्प सेव्हन्थ, आणि मग दोन बार घरी परत. सगळी कळ त्या नवव्या-दहाव्या बारमध्ये आहे. मायनर ब्लूजचं भांडण तिथे लागतं.

२०१५च्या मे महिन्यात बी. बी. किंग गेले. त्या संध्याकाळी मी दिवाणखान्यात बॅकिंग ट्रॅक लावून याच चौकटीवर वाजवत बसले होते. आई स्वयंपाकघरात होती. तिने हातातलं काम ठेवून विचारलं, “अगं, त्या एका जागी खालचा बाजा शुद्ध निषाद धरतो आणि तू दर वेळी कोमल लावतेस. मुद्दाम का?”

मुद्दाम नव्हतं. मला तो शुद्ध निषाद ऐकूच आलेला नव्हता.

एफ शार्प सेव्हन्थचे स्वर मांडून पाहिले. एफ शार्प, ए शार्प, सी शार्प, ई. म्हणजे प, शुद्ध नी, रे, म. त्यातला ए शार्प चौथ्या तारेवर आठव्या फ्रेटला आहे, बॉक्समधल्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मधे. जी मेजरचा जी, आमचा कोमल धैवत, दुसऱ्या तारेवर आठव्या फ्रेटला. दोन्ही स्वर त्या कागदाने वगळलेल्या ओळीत. ई मायनरलाही तोच कोमल धैवत लागतो, म्हणजे पाचव्या बारपासूनच मी एक दार बंद ठेवून वाजवत होते.

इथे मला एक सांगायचं आहे, कारण या विषयावर बोलताना लोक फार लवकर नियम करून टाकतात. दहाव्या बारला कोमल निषाद लावणं चूक नाही. शुद्ध निषादाच्या कॉर्डवर कोमल निषाद बोचतो आणि ब्लूजच्या मोठ्या वादकांनी ती बोच हवी तिथे वापरली आहे. पण शुद्ध माहीत असताना कोमल निवडणं वेगळं, आणि शुद्ध कानावरच न आल्यामुळे कोमल वाजवणं वेगळं.

त्यानंतर आर्पेजिओंची वर्षं. पहिली दोन जवळजवळ वाया गेली. चार कॉर्डचे चार आर्पेजिओ मी मेट्रोनोमवर खालून वर, वरून खाली घोटले. बोटं तयार झाली, पण सोलोत ते शिरले की पाढे म्हटल्यासारखे वाटायचे. आर्पेजिओ म्हणजे कॉर्डचे स्वर एकामागून एक. ते सगळे वाजवायची गरजच नसते. त्यातला कोणता स्वर कॉर्ड बदलल्याचं सांगतो, ते ओळखायचं आणि तेवढ्यावर वेळेत पोचायचं.

हे मला एका साध्या अभ्यासातून मिळालं. मेट्रोनोम साठावर. नववा, दहावा आणि अकरावा, एवढे तीनच बार. प्रत्येक बारला एकच स्वर, चारही मात्रा धरून ठेवायचा. चौथी तार: नववा फ्रेट, आठवा फ्रेट, नववा फ्रेट. बी, ए शार्प, बी. सा, नी, सा. नवव्या बारला तो बी हा जी कॉर्डचा तिसरा स्वर असतो, दहाव्याला ए शार्प हा एफ शार्पचा तिसरा, आणि अकराव्याला बी आपल्या घरी. बोट एक फ्रेट मागे येतं आणि परत जातं. पहिल्यांदा ते जमलं तेव्हा ट्रॅक बंद करून मी तेवढंच वाजवलं, आणि खाली कोणी कॉर्ड धरत नसतानाही तिन्ही कॉर्ड ऐकू आले. त्यानंतर महिनाभर मी दुसरं काही वाजवलं नाही.

स्केल मला त्यानंतरच नीट कळले. पहिल्या चार बारना शुद्ध धैवत लावून काफीचा रंग आणता येतो, छान उजळतो. पण ई मायनर आला की धैवत कोमल करायलाच हवा, नाहीतर त्या कॉर्डमधल्या जीशी टक्कर होते. दहाव्या बारला कोमल धैवताबरोबर शुद्ध निषाद लावला की कीरवाणीचे स्वर. एका आवर्तनात तीन कुळं. आपल्याकडे षड्ज हलत नाही आणि राग एक असतो. इथेही षड्ज हलत नाही, पण पायाखालची जमीन हलते. ही तुलना मला अजून मोहात पाडते, तरी ती ताणू नये. रागाचा विस्तार आणि कॉर्डचा पाठलाग या दोन वेगळ्या साधना आहेत.

२०१८च्या सप्टेंबरात ओटिस रश गेले, तेव्हा मी त्यांचं १९५८चं ‘ऑल युअर लव्ह’ पुन्हा ऐकायला घेतलं. शिकागोच्या कोब्रा लेबलवरचं, मायनरमधलं, सुरुवातीला लॅटिन ठेक्यावर डोलणारं आणि मधेच मेजर शफलमध्ये उडी घेणारं. रश डावखुरे, त्यांच्या गिटारला तारा उलट्या क्रमाने: सर्वांत जाड तार खाली. आपण जी तार वर ढकलतो ती ते खाली ओढत, आणि त्यांच्या स्वराला जो हुंदका आहे त्यात या ओढीचा वाटा आहे असं मला वाटतं. त्याच गाण्याची छाया पीटर ग्रीनच्या १९६८च्या ‘ब्लॅक मॅजिक वुमन’वर आहे. सांतानामुळे १९७०मध्ये ते जगभर गेलं. ग्रीन २०२०च्या जुलैमध्ये गेले, लॉकडाउनमध्ये. त्या महिन्यात मी त्यांचे जुने सोलो ऐकत त्यांतल्या फक्त मोकळ्या जागा मोजत होते.

तिसरा स्वर मिळाला तो गिटारकडून नाही, सॅक्सोफोनकडून. जॉन कोल्ट्रेनचं ‘इक्विनॉक्स’, १९६०मध्ये ध्वनिमुद्रित झालेलं, सी शार्पमधलं मायनर ब्लूज. तिथे नवव्या बारला मेजर सेव्हन्थ नाही, डॉमिनंट सेव्हन्थ आहे. ते बी मायनरमध्ये आणलं तर जी सेव्हन्थ होतो आणि त्याचा सातवा स्वर एफ. हा आमचा तीव्र मध्यम, ज्याला ब्लू नोट म्हणतात तोच. वर्षानुवर्षं मी तो म आणि प यांच्यामधला ओझरता स्पर्श म्हणून लावत होते. इथे तो कॉर्डचा हक्काचा स्वर होता, त्यावर थांबता येत होतं. पाचवी तार, आठवा फ्रेट.

मागच्या दिवाळीत त्या झेरॉक्सवर मी तीन ठिपके लाल पेनने काढले. आईने चष्मा लावून पाहिले, संवादिनी काढली आणि म्हणाली, “तुझी ती बारा बारची फेरी मला लिहून दे.” आता ती बहात्तर वर्षांची आहे. पांढरी सातला षड्ज धरून तिने हळू लयीत कॉर्ड लावले, एकेक बोट बघून. मी पहिले आठ बार जवळजवळ काहीच वाजवलं नाही. नववा आला, मी चौथ्या तारेवर बी धरला. दहाव्याला मी आठव्या फ्रेटवर यायच्या आधीच तिचं बोट काळी पाचवर गेलेलं होतं.